तुमचा पत्ता कोणता?

दोस्तांनो, लेख वाचण्याआधी एक छोटंसं काम करा. कागद-पेन्सिल घ्या. घेतलीत? आता डोळ्यांसमोर एक गुहा आणा. तुम्ही तिच्या तोंडाशी उभे आहात. आत मिट्ट काळोख. तुमच्याबरोबर आणखी चार-पाच अनोळखी मुलंमुली आहेत, तीही आत जायला निघालीत. आत शिरल्यावर तुम्ही सगळ्यात आधी काय कराल?

(अ) गुहेत खजिना असणारच! तो सगळ्यांच्या आधी गाठायचा.

(आ) खजिना राहू दे. ही गुहा जाते कुठवर, ते अरुंद भुयार निघतं कुठे, भिंतीवर थाप मारली तर पोकळ आवाज येतो का, हे बघायचं.

(इ) बरोबरची मंडळी कोण आहेत, कुठून आलीत, ते विचारायचं. गप्पा मारत मारत जाऊ की आत!

(ई) कुणीतरी खजिना घेऊन बाहेर येईलच. आपण कोपऱ्यात दबा धरून बसायचं आणि त्याच्यावर झडप घालायची.

खरं खरं उत्तर लिहा हं! कुणी बघत नाहीये. लिहिलंत? आता कागदाची घडी घालून बाजूला ठेवा. त्याचं काम थोड्या वेळाने पडणार आहे.

तोवर एका प्रश्नाचा विचार करू. तुमच्यापैकी कितीतरी जण मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर खेळत असतील. कुणी बुद्धिबळ, कुणी माइनक्राफ्ट, कुणी आणखी काही. एकट्याने खेळायचे खेळ आपण महिना-दोन महिने खेळतो आणि कंटाळून सोडून देतो. पण ज्या खेळात दूरदूरची माणसं एकत्र येतात, गट करतात, एकमेकांना नावाने ओळखू लागतात, तिथे माणसं वर्षानुवर्षं टिकतात. पाच पाच, दहा दहा वर्षं! बक्षीस नाही, पगार नाही, परीक्षेत मार्क नाहीत. मग ही माणसं तिथे जातात तरी कशाला? आणि राहतात तरी कशाला?

रात्री जागणारा खेळ

गोष्ट सुरू होते १९७८ साली, इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात. तिथे रॉय ट्रबशॉ नावाचा एक विद्यार्थी होता. त्या काळी घरोघरी कॉम्प्युटर नव्हते. विद्यापीठात पीडीपी-१० जातीचा एक भलाथोरला कॉम्प्युटर होता आणि अनेक विद्यार्थी आपापल्या टर्मिनलपुढे बसून तोच एक कॉम्प्युटर वापरायचे. रॉयच्या डोक्यात आलं, की एकच कॉम्प्युटर इतके जण एकदम वापरतात, तर एकच खेळ इतक्या जणांनी एकदम का खेळू नये?

झालं! त्याने तसा खेळ लिहायला घेतला. त्याचं नाव 'मल्टी यूजर डन्जन', म्हणजे अनेकांनी मिळून फिरायचं तळघर. आद्याक्षरं घेऊन सगळे त्याला 'मड' म्हणू लागले. इंग्रजीत मड म्हणजे चिखल, तेव्हा नावातही गंमत होतीच. १९८० मध्ये रॉयने हा खेळ रिचर्ड बार्टल या आपल्या मित्राच्या हाती सोपवला आणि रिचर्डने तो पुढे वाढवला.

आता तुम्ही म्हणाल, काय भारी चित्रं असतील त्यात! छे! एकही चित्र नव्हतं. रंग नाहीत, आवाज नाही. पडद्यावर नुसती अक्षरं उमटायची. तुम्ही कुठे उभे आहात, समोर काय दिसतंय, शेजारी कोण आहे, हे सगळं शब्दांत. उत्तरेला जायचं तर 'उत्तर' असं टाइप करायचं. खजिना सापडला की तो नेऊन दलदलीत टाकायचा, म्हणजे गुण मिळायचे. गुण साठत साठत गेले की एक दिवस तुम्ही त्या जगातले 'जादूगार' व्हायचात.

विद्यापीठाबाहेरची मंडळीही फोनच्या तारेवरून आपला कॉम्प्युटर जोडून हा खेळ खेळू लागली. पण दिवसा विद्यापीठाला कॉम्प्युटरचं काम असायचं. म्हणून बाहेरच्यांनी यायचं ते रात्री उशिरा, सगळं जग झोपल्यावर. शिवाय फोनचं बिल मिनिटामिनिटाला वाढायचं. एसटीडी बूथवरचं ते लाल आकड्यांचं मीटर कसं धावायचं, हे आईबाबांना विचारा, म्हणजे कल्पना येईल! तरीसुद्धा माणसं रात्र रात्र जागून, पदरचे पैसे मोडून तिथे यायची. नुसती अक्षरं वाचायला!

नक्कीच त्या अक्षरांपलीकडे काहीतरी होतं.

'लोकांना हवंय तरी काय?'

पुढे १९८९ च्या नोव्हेंबरात अशाच एका मडमधल्या जुन्याजाणत्या खेळाडूंमध्ये वाद पेटला. प्रश्न साधाच होता, की लोकांना मडमधून हवंय तरी काय? पण वाद कसला, महायुद्धच ते! १९९० च्या मे महिन्यापर्यंत तो चालला. शेकडो संदेश लिहिले गेले. जो तो म्हणे, 'मला जे आवडतं तेच खरं, बाकीचे उगाच वेळ घालवतात.'

रिचर्ड बार्टल यांनी हे सगळे संदेश शांतपणे वाचून काढले. त्यांच्या लक्षात आलं, की प्रत्येकाचं म्हणणं वेगळं दिसलं तरी त्याचे चारच ढीग पडतात. १९९६ मध्ये त्यांनी यावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्या चार ढिगांना पत्त्यांच्या चार रंगांची नावं दिली. काढा बरं आता तुमचा घडी घातलेला कागद!

'अ' लिहिलं असेल, तर तुम्ही चौकट. चौकटला इंग्रजीत म्हणतात डायमंड, म्हणजे हिरा. ही कमावणारी मंडळी. गुण, पायऱ्या, खजिना, पहिला नंबर यांत त्यांचा जीव.

'आ' लिहिलं असेल, तर तुम्ही इस्पिक. इंग्रजीत स्पेड, म्हणजे जमीन खणायची कुदळ. ही धुंडाळणारी मंडळी. हे जग चालतं कसं, इथली गुपितं कोणती, हे खणून काढायचं. गुणांचं त्यांना सोयरसुतक नाही.

'इ' लिहिलं असेल, तर तुम्ही बदाम. इंग्रजीत हार्ट, म्हणजे हृदय. ही गप्पिष्ट मंडळी. खेळ हे नुसतं निमित्त, खरी मजा माणसांची.

आणि 'ई' लिहिलं असेल, तर? तर तुम्ही किलवर! इंग्रजीत क्लब, म्हणजे सोटा. ही कुरघोडी करणारी मंडळी. दुसऱ्याची फजिती झाली की त्यांना आनंद. घाबरू नका, 'ई' लिहिलं म्हणजे तुम्ही वाईट असं नाही. खेळात डाव उलटवायची मजा कुणाला येत नाही?

गंमत म्हणजे हे चार पत्ते आपल्या गल्लीतल्या क्रिकेटमध्येही सापडतात. एकजण आपल्या धावा तोंडपाठ ठेवतो. एकजण बॉल गटारात गेला की तो काढायच्या शंभर युक्त्या शोधतो. एकजण फिल्डिंग सोडून कट्ट्यावर गप्पा ठोकत बसलेला असतो. आणि एकजण आउट झाला तरी 'नॉट आउट' म्हणून सगळ्यांच्या डोक्याला ताप देतो. बॅट त्याचीच असते, म्हणून कुणी काही बोलत नाही!

मात्र एक सांगायला हवं. माणूस काही एकाच रंगाचा नसतो. पुढे निक यी नावाच्या संशोधकाने इंटरनेटवर खेळणाऱ्या तीन हजार जणांना प्रश्न विचारून २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला माणसांच्या आवडीचे तीन मोठे गट सापडले. काहीतरी मिळवणं, माणसांत मिसळणं आणि त्या जगात बुडून जाणं. पण एका गटात असलेला माणूस दुसऱ्यात नसतोच, असं मुळीच दिसलं नाही. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या हातात मिसळलेले पत्ते असतात. कधी हा रंग वर येतो, कधी तो.

किलवर जास्त झाले तर?

बार्टल यांनी आणखी एक मजेदार गोष्ट दाखवली. हे चार रंग एकमेकांवर परिणाम करतात. गप्पिष्ट वाढले की आणखी गप्पिष्ट येतात. चहाच्या टपरीवर गर्दी दिसली की आपले पाय तिकडेच वळतात ना, तसंच! पण त्रास देणारे फार झाले, की आधी गप्पिष्ट पळतात, मग कमावणारे कंटाळतात आणि हळूहळू ते जग ओस पडतं.

माइनक्राफ्टच्या जगात असाच प्रकार घडला. ऑटिझम असलेल्या मुलांचा मेंदू थोड्या वेगळ्या पद्धतीने काम करतो. त्यांना नव्या माणसांत मिसळणं, चेहऱ्यावरचे भाव ओळखणं कधी कधी अवघड जातं. अशा अनेक मुलांना माइनक्राफ्ट मनापासून आवडायचं, पण सगळ्यांना खुल्या असलेल्या जगात गेलं की टवाळखोर त्यांना सतवायचे, त्यांनी बांधलेली घरं पाडायचे. कॅनडातल्या स्टुअर्ट डंकन यांचा स्वतःचा मुलगा ऑटिझम असलेला. त्यांनी २०१३ मध्ये फक्त अशी मुलं आणि त्यांच्या घरच्यांसाठी 'ऑटक्राफ्ट' नावाचं वेगळं माइनक्राफ्ट जग उघडलं. आत यायचं तर आधी नाव नोंदवायचं. दादागिरी चालणार नाही. मुलांवर लक्ष ठेवायला मोठी माणसं हजर. बस्स, एवढंच! खेळ तोच, ठोकळे तेच. बदलली ती माणसांची वागणूक. आणि जी मुलं रडत बाहेर पडायची, ती इथे रमली.

बघा हं, म्हणजे खेळ कितीही झकास असो, तिथे राहायचं की नाही हे शेवटी शेजारी ठरवतात.

खेळ बंद, माणसं हजर

शेजाऱ्यांचा जीव एकमेकांत किती अडकतो, त्याचं एक उदाहरण ऐका. २००४ मध्ये अमेरिकेत 'सिटी ऑफ हीरोज' नावाचा खेळ सुरू झाला. त्यात प्रत्येकाने आपला स्वतःचा सुपरहीरो तयार करायचा आणि बाकीच्यांबरोबर शहराचं रक्षण करायचं. कंपनीने ३० नोव्हेंबर २०१२ रोजी हा खेळ बंद केला. सगळं शहरच पुसलं गेलं. खेळाडूंनी हळहळून दुसरा खेळ धरायला हवा होता, नाही का? पण नाही. २०१९ पासून हौशी खेळाडूंनी आपापल्या खर्चाने, फुकट राबून ते शहर पुन्हा उभं केलं. शेवटी जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीनेच त्यांच्यातल्या 'होमकमिंग' नावाच्या गटाला रीतसर परवानगी दिली. होमकमिंग म्हणजे घरी परतणं. नाव काय अचूक ठेवलंय!

इथे आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. माणसं येतात ती चार वेगवेगळ्या कारणांनी. कुणी खजिन्यासाठी, कुणी गुपितांसाठी, कुणी कुरघोडीसाठी. पण खजिना भरतो, गुपितं संपतात. त्यानंतरही जी राहतात, ती बदामामुळे राहतात.

उरलेलं अर्धं उत्तर शोधायला आपल्याला नॉर्वे देशात, ऑस्लो शहरात जावं लागेल. तिथला एक मुलगा ते आपल्याला सांगून गेलाय.

मॅट्स आणि इबेलिन

मॅट्स स्टीनचा जन्म १९८९ चा. लहानपणीच त्याला डुशेन नावाचा आजार असल्याचं कळलं. या आजारात शरीराचे स्नायू वर्षागणिक दुबळे होत जातात. हा आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो. आधी पळता येत नाही, मग चालता येत नाही, पुढे हात उचलणंही जड जातं. मॅट्स चाकाच्या खुर्चीत आला. बरोबरीची मुलं मैदानात धावायची आणि तो घरात कॉम्प्युटरपुढे.

त्याला आवडायचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ. जगभरचे खेळाडू त्यात एकाच काल्पनिक दुनियेत फिरतात. आयुष्याच्या शेवटच्या दहा वर्षांत मॅट्सने त्या दुनियेत पंधरा ते वीस हजार तास घालवले. किती झाले हे? तुमची शाळा रोज सहा तास आणि वर्षाला २२० दिवस भरते असं धरलं, तर पहिली ते दहावी मिळून होतात १३,२०० तास. त्यापेक्षाही जास्त!

त्याच्या आईबाबांना फार वाईट वाटायचं. आपल्या मुलाला मित्र नाहीत, त्याच्या आयुष्यात कुणी नाही, तो आपला दिवसरात्र पडद्याकडे बघत बसतो, असंच त्यांना वाटत होतं. तुमच्या आईबाबांनाही कधी कधी असंच वाटतं ना?

१८ नोव्हेंबर २०१४ रोजी मॅट्स गेला. तो पंचवीस वर्षांचा होता.

मॅट्स इंटरनेटवर आपल्याविषयी लिहायचा. त्या पानाचा पासवर्ड त्याने मागे ठेवला होता. वाचणारं कुणी असलंच तर त्यांना कळावं, म्हणून त्याचे वडील रॉबर्ट यांनी तिथे आपला मुलगा गेल्याची बातमी लिहिली आणि खाली स्वतःचा ई-मेल दिला.

थोड्या वेळाने एक ई-मेल आलं. मग दुसरं. मग तिसरं. मग रीघच लागली! वेगवेगळ्या देशांतली अनोळखी माणसं लिहीत होती. कुणी एक-दोन ओळी, कुणी पानंच्या पानं. सगळी मॅट्सला ओळखत होती, पण 'इबेलिन' या नावाने. खेळातलं त्याचं नाव होतं इबेलिन. उंचापुरा, धडधाकट, रुबाबदार गुप्तहेर! खेळात आल्यावर हा इबेलिन रोज आधी एक लांबलचक फेरी धावून यायचा. ज्याला खुर्चीतून उठता येत नव्हतं, तो तिथे रोज धावत होता.

इबेलिन 'स्टारलाइट' नावाच्या गटात होता. अशा गटाला तिथे गिल्ड म्हणतात. आपल्या गल्लीतल्या मंडळासारखंच म्हणा ना! तीसएक सभासद, प्रमुख ठरलेला, नवा सभासद घ्यायचा तर आधी पारखून घ्यायचा. या मंडळात इबेलिन प्रसिद्ध होता तो लढाईसाठी नाही, तर ऐकून घेण्यासाठी.

नेदरलँड्समधली एक मुलगी त्याची खास मैत्रीण होती. तिचा अभ्यास मागे पडला म्हणून घरच्यांनी तिचा कॉम्प्युटर काढून घेतला. तेव्हा मॅट्सने काय केलं असेल? त्याने थेट तिच्या आईबाबांना पत्र लिहिलं. खेळामुळे अभ्यासाचं नुकसान होऊ शकतं हे त्याने मान्य केलं, पण तिथले मित्र तिच्यासाठी किती महत्त्वाचे आहेत हेही समजावून सांगितलं.

डेन्मार्कमधली एक आई आणि तिचा मुलगाही त्या मंडळात होते. मुलाला ऑटिझम होता आणि त्याला जवळ घेणं आईला जमत नव्हतं. मॅट्सने सुचवलं, की दोघांनी मिळून खेळून बघा. मग खेळातल्या मुलाने खेळातल्या आईला मिठी मारली. आणि हळूहळू पडद्याबाहेरही ती दोघं जवळ आली.

तुम्हाला वाटेल, मॅट्स म्हणजे अगदी देवमाणूस. तसं नव्हतं बरं का! कित्येक वर्षं त्याने आपला आजार मंडळात कुणाला सांगितला नव्हता. आपली कीव केली जाईल, अशी भीती असेल. पण मनात एवढं दडवून ठेवलं की त्याचा राग कुठेतरी निघतोच. तो मित्रांना टोचून बोलायचा, भांडायचा, दुरावायचा. त्यांना कळेना, की हा असा का वागतो? २०१३ मध्ये त्याने आपल्या आजाराविषयी उघडपणे लिहायला सुरुवात केली. ज्यांना दुखावलं होतं त्यांची माफी मागितली. आणि मंडळाने त्याला पुन्हा जवळ केलं. शेवटी मैत्री म्हणजे हेच ना?

त्याच्या अंत्यसंस्काराला युरोपातल्या वेगवेगळ्या देशांमधून स्टारलाइटची माणसं ऑस्लोत आली. मंडळाचा प्रमुखही आला होता. तो उठून बोलला. त्याने सांगितलं, की आत्ता आपण इथे जमलेलो असताना नेदरलँड्समधल्या एका वर्गात, आयर्लंडमधल्या एका कॉल सेंटरमध्ये, स्वीडनमधल्या एका वाचनालयात मॅट्ससाठी मेणबत्ती जळते आहे.

आईबाबा ऐकत होते. आपल्या मुलाला मित्र नाहीत असं त्यांना वाटत होतं. त्याचे मित्र देशोदेशी पसरलेले होते, आणि घरात कुणाला त्याचा पत्ताच नव्हता!

२०२४ मध्ये बेंजामिन री या दिग्दर्शकाने मॅट्सवर माहितीपट काढला. स्टारलाइटचे सभासद त्याच्या आठवणीसाठी दरवर्षी खेळात एकत्र जमतात आणि इबेलिन जिथून धावायचा, त्याच वाटेने सगळे मिळून धावतात.

हजेरी

आता आपलं उरलेलं अर्धं उत्तर. माणूस एखाद्या गटात टिकतो कशामुळे? जिथे त्याची गैरहजेरी कुणाच्या तरी लक्षात येते, तिथे तो टिकतो.

वर्गात बाई हजेरी घेतात तेव्हा आपण कंटाळून 'हजर' म्हणतो. पण आठवून बघा, तापातून उठून चार दिवसांनी शाळेत गेल्यावर शेजारच्या बाकावरून कुणी विचारतं, 'काय रे, कुठे होतास?' किती बरं वाटतं! मड असो की वॉरक्राफ्ट, माणसं रात्र रात्र जागली ती या प्रश्नासाठी. आणि नुसतं विचारणारं कुणी असून भागत नाही. आपणही कुणाला तरी विचारावं लागतं. मॅट्सला तिथे काम होतं. कुणाचं तरी गाऱ्हाणं ऐकायचं होतं, कुणाच्या आईला पत्र लिहायचं होतं. घरात सगळे त्याचं करत होते. तिथे तो दुसऱ्यांचं करत होता.

म्हणजे मग दिवसभर खेळत बसायला हरकत नाही, असं म्हणून लगेच मोबाइल घेऊ नका! मॅट्सला मैदानात जाताच येत नव्हतं. तुम्हाला जाता येतं, हा फरक फार मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजार म्हणून आपल्या यादीत घातला आहे आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. त्याच्या खुणा अशा: थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही, खाणं-झोप-अभ्यास-मित्र या सगळ्यांपेक्षा खेळ वरचढ होतो, आणि नुकसान होतंय हे दिसत असूनही खेळ चालूच राहतो. हे बराच काळ, साधारण वर्षभर चाललं तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. पण वर्षभर कशाला थांबायचं? महिन्याभरात असं वाटू लागलं तरी घरच्यांशी बोला.

आणि जिथे पैसे लावायला सांगतात, ते तर मंडळच नव्हे. तिथे तुमच्या गैरहजेरीचं दुःख फक्त दुकानदाराला होतं! आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो उगाच नाही.

पत्ता द्या, पत्ता देऊ नका!

जाता जाता तीन गोष्टी सांगतो.

पहिली. चौकट, इस्पिक, बदाम की किलवर, हा पत्ता खुशाल सगळ्यांना सांगा. पण घराचा पत्ता, शाळेचं नाव, फोन नंबर, फोटो, पासवर्ड यांतलं काहीही खेळातल्या ओळखीवर देऊ नका. पडद्याआड मॅट्ससारखा कुणी असू शकतो, तसा वय चोरून बसलेला लबाड माणूसही असू शकतो. ओळखायचं कसं? 'हे आपल्या दोघांतच ठेव, घरी सांगू नकोस' असं जो म्हणतो, तो मित्र नव्हे. तिथून लगेच बाहेर पडा आणि मोठ्यांना सांगा. मॅट्सने तर मैत्रिणीच्या आईबाबांनाच उघड पत्र लिहिलं होतं, आठवतंय ना? काही अडचण आली आणि घरी बोलायचा धीर होत नसेल, तर १०९८ या मुलांसाठीच्या मोफत हेल्पलाइनला फोन करा.

दुसरी. तुमच्या गटात कुणी चार दिवस दिसलं नाही, तर विचारा. शाळेतला गट असो, मैदानावरचा असो की खेळातला. 'कुठे होतास?' एवढे दोन शब्द पुरतात.

आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची. आज संध्याकाळी आईला, बाबांना नाहीतर आजीला शेजारी बसवा आणि तुमचा खेळ दाखवा. कोण कोण आहे तिथे, कोण मदत करतं, कोण खोडी काढतं, ते सांगा. त्यांना सगळं कळणार नाही. आजी विचारेल, 'हा ठोकळ्या ठोकळ्यांचा माणूस कोण गं?' सांगा तिला, चिडू नका. मग तिलाही विचारा, ती लहानपणी कुणाकुणाबरोबर काय काय खेळायची. तिच्याही हातात एक पत्ता असेलच.

मॅट्सच्या आईबाबांना त्यांच्या मुलाच्या मित्रांचा पत्ता लागला, पण तो गेल्यावर. तुमच्या घरच्यांना तो आजच लागू द्या.

मग, दाखवताय ना?